वळवाचा ढग आणि त्याचं नाव

‘आभाळ निरभ्र आहे’ असं आपण म्हणतो आणि ‘आभाळ आलंय’ असंही म्हणतो. पहिलं आभाळ म्हणजे आकाश, दुसरं म्हणजे ढग. ‘निरभ्र’ आणि ‘आभाळ’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृतातला ‘अभ्र’ आहे, म्हणजे ढगच. निरभ्र आभाळातही शब्दापुरता ढग असतोच.

मे महिन्यात देशावर दुपारनंतर जे आभाळ येतं आणि बघता बघता वळीव होऊन कोसळतं, त्या ढगाला हवामानशास्त्रात ‘क्युम्युलोनिंबस’ म्हणतात. भूगोलाच्या तासाला हे नाव घोकताना जीभ अडखळते आणि परीक्षा संपली की ते विसरलं जातं. मला याची हळहळ वाटते, कारण नाव फोडून पाहिलं तर ते अगदी ओळखीचं निघतं. लॅटिनमध्ये ‘क्युम्युलस’ म्हणजे ढीग, मळणीनंतर खळ्यावर लागते तशी रास. ‘निंबस’ म्हणजे पाऊस घेऊन येणारा ढग. लॅटिन ‘नेब्युला’ आणि आपलं ‘नभ’ एकाच मुळाचे आहेत; ‘निंबस’ही त्याच कुळातला, असं बरेच भाषाभ्यासक मानतात.

ढगांना लॅटिन नावं देण्याची पद्धत लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मधल्या एका व्याख्यानात मांडली. ते व्यवसायाने औषधं बनवणारे, ढग हा त्यांचा छंद. क्युम्युलस आणि निंबस ही नावं त्यांचीच. पण दोन्हींची सांगड घालून या उंच ढगाला वेगळं नाव द्यावं, असं १८८० मध्ये सुचवलं ते कोपनहेगनच्या कला अकादमीचे ग्रंथपाल फिलिप वाइलबाख यांनी. तेही हौशी अभ्यासक. मराठी विज्ञानलेखनात याच ढगाला ‘गर्जन्मेघ’ म्हणतात. लॅटिन नाव डोळ्यांनी ठेवलेलं, हे कानांनी.

आता ही रास एवढी उंच का लागते?

सकाळभर जमीन तापते. तिला टेकलेली हवा तापून हलकी होते आणि वर चढते. चढताना ती दर किलोमीटरला जवळपास १० अंश सेल्सिअसने थंड होते आणि एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात. ढगाचा सपाट तळ असतो तो तिथेच. खरी गंमत यापुढे आहे. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. साधं एक किलो पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी लागते, तिच्या जवळजवळ आठपट! ही उष्णता ढगाच्या पोटातच सुटते. त्यामुळे आतली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर चढते. तिथे आणखी थेंब, आणखी उष्णता. बाष्प हेच या ढगाचं सरपण. म्हणून नुसत्या रखरखीत उन्हाने वळीव होत नाही. समुद्रावरून ओल यावी लागते.

अशा ढगाचा माथा १५ किलोमीटरपर्यंतही जातो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तसे नऊ कळसूबाई एकावर एक रचले, तर जवळपास तेवढी उंची होईल. त्याच्याही वर हवा उंचीबरोबर थंड होण्याऐवजी उबदार होत जाते. तिथे चढाव संपतो आणि ढग आडवा पसरतो. लांबून पाहिलं तर लोहाराच्या ऐरणीसारखा. या आकाराला शास्त्रज्ञ ‘इन्कस’ म्हणतात, म्हणजे लॅटिनमधली ऐरणच.

ढगाच्या मधल्या भागात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके स्फटिक बहुतेक धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. या दोन भारांमधला ताण हवेला पेलवेनासा झाला की वीज चमकते. पाऊस पडू लागला की काही थेंब वाटेतच सुकतात, हवा गार आणि जड होऊन खाली येते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. मातीचा वास घेऊन पावसाआधी येणारा तो गार वारा हाच. हा वारा अंगावर आला की ढग फार लांब राहिलेला नसतो. शेतात असाल तर त्याच क्षणी पक्क्या घराकडे निघा; झाडाचा आडोसा मुळीच घेऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. ते गावोगावच्या फोनमध्ये असायला हवं, असं मला फार वाटतं.

जुलैत महाबळेश्वरला दिवसदिवस पाऊस लागतो, पण कडकडाट क्वचितच ऐकू येतो. ते ढग बहुतेक बुटके असतात, गारांच्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत. पाऊस परतायला लागला, मधूनमधून ऊन तापू लागलं, की राशी पुन्हा उंच होतात. तेव्हा हस्त नक्षत्र लागलेलं असतं. पाटावर हत्ती मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात आणि संध्याकाळी आकाशात परत ऐरणी दिसू लागतात.