विजेट (यी फ्रेमवर्क)

विजेट : पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील यी या वेब फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळ उभारण्याच्या तयार सांगाड्यात) व्ह्यूचा, म्हणजे पानाच्या मांडणीच्या फाइलीचा, जो भाग अनेक पानांवर पुन्हा पुन्हा लागतो, तो स्वतंत्र क्लासमध्ये (माहिती व तिच्यावरील कामे एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या घटकात) बांधून ठेवण्याची पद्धत. पानाने फक्त माहिती पुरवायची. ती तपासणे, तिचे एचटीएमएल तयार करणे आणि त्यासाठी लागणाऱ्या सीएसएस व जावास्क्रिप्टच्या फाइली पानाला जोडणे ही कामे विजेटची. यीची पहिली आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. येथील वर्णन ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीला धरून आहे.

मराठवाड्यातील बातम्यांच्या संकेतस्थळाला पावसाळ्यात धरणांचा पाणीसाठा रोज दाखवावा लागतो. जायकवाडी, मांजरा, येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी यांची पट्टी मुखपृष्ठावर असते, जिल्ह्याच्या पानावर असते आणि शेतीच्या पानावरही असते. हे ‘धरणसाठा’ विजेट पुढे उदाहरण म्हणून घेतले आहे. नुसता न बदलणारा मजकूर दोन ठिकाणी हवा असेल, तर विजेट करू नये. एक पार्शल व्ह्यू, म्हणजे दुसऱ्या व्ह्यूत घालायची छोटी मांडणी-फाइल, पुरतो. माहितीची तपासणी, स्वतःची स्टाइल किंवा स्वतःची स्क्रिप्ट आली की मात्र क्लास हवाच.

रचना : विजेटचा क्लास यीच्या मूळ विजेट क्लासवरून बनतो. बाहेरून घ्यायच्या गोष्टी पब्लिक प्रॉपर्टी (बाहेरून भरता येणारी क्लासची मूल्ये) म्हणून जाहीर करतात. येथे धरणाचे नाव, आजचा उपयुक्त साठा, उपयुक्त क्षमता आणि बाहेरच्या डब्याचे एचटीएमएल गुणधर्म अशा चार पुरतात. पानाने दिलेली मूल्ये आधी प्रॉपर्टींत भरली जातात आणि मग ‘इनिट’ मेथड (क्लासमधील फंक्शन) चालते. म्हणून तपासणीची जागा इनिट हीच. त्यात पहिल्याच ओळीत मूळ क्लासचे इनिट बोलावावे. एचटीएमएल ‘रन’ मेथडने तयार करून परत द्यायचे असते. मांडणी मोठी असल्यास ती क्लासच्या फाइलशेजारील ‘व्ह्यूज’ फोल्डरमध्ये ठेवून रनमधून ‘रेंडर’ करतात. व्ह्यूत फॉर्म्युले लिहू नयेत. टक्केवारी रनमध्येच काढून द्यावी.

मजकुराला भोवताली चौकट देणारे विजेट ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या जोडीने वापरतात. इनिटमध्ये आउटपुट बफर (छापला जाणारा मजकूर तात्पुरता साठवणारी जागा) सुरू करायचा आणि रनमध्ये तो रिकामा करून आतला मजकूर घ्यायचा. एकात एक विजेटे असताना एंडचा क्रम चुकला, तर यी तिथेच एक्सेप्शन (त्रुटीची सूचना) देऊन थांबते.

विजेटने स्वतः डेटाबेसकडे जाऊ नये. आठ धरणांसाठी आठ विजेटे आणि प्रत्येकाची वेगळी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा), असे पान पाणीकपातीच्या बातमीच्या दिवशी, नेमक्या गर्दीत, मंदावते. रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कंट्रोलरने सगळी धरणे एकाच क्वेरीत आणून विजेटांना वाटून द्यावीत.

आकडे : सर्वाधिक चुका येथे होतात. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे, त्यातील उपयुक्त साठा २,१७१ आणि मृतसाठा (दारांतून सोडता न येणारे तळाचे पाणी) ७३८. वृत्तातील टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. एका पानाने एकूण साठा पाठवला आणि दुसऱ्याने उपयुक्त, तर एकाच दिवशी एकाच धरणाचे दोन आकडे दिसतात. म्हणून प्रॉपर्टीचे नाव नुसते ‘साठा’ न ठेवता ‘उपयुक्त साठा’ असेच ठेवावे आणि एककही नावातच असू द्यावे, कारण एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर.

शून्य आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएचपीचे ‘एम्प्टी’ हे फंक्शन शून्यालाही रिकामेच मानते. त्यावर विसंबलेले विजेट कोरड्या धरणापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे छापते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी शून्य हीच सर्वांत महत्त्वाची माहिती असते. प्रॉपर्टीचे मूळ मूल्य ‘नल’ (मूल्यच नाही) ठेवावे आणि तुलना काटेकोरपणे नलशीच करावी. शून्याशी काटेकोर तुलना धोक्याची, कारण डेटाबेसमधील दशांश आकडे बहुधा मजकूर म्हणून हाती येतात. मृतसाठ्यातून उपसा चालू असताना आकडा उणेही येऊ शकतो. तो मजकुरात उणेच दाखवावा, पट्टीची रुंदी मात्र ० ते १०० मध्येच बांधावी. उणे रुंदी ब्राउझर मानत नाही. क्षमता शून्य आली, तर इनिटमध्येच स्पष्ट संदेश देऊन एक्सेप्शन टाकावे. भागाकारापर्यंत जाऊ देऊ नये.

मराठी पानावर आणखी एक अडचण येते. ॲप्लिकेशनची भाषा मराठी असेल आणि भाषेनुसार अंक-तारखा मांडणारे पीएचपीचे ‘इंटल’ एक्स्टेन्शन चालू असेल, तर यीचा फॉरमॅटर देवनागरी अंक देतो. वाचकासाठी ते योग्यच. पण तोच आकडा स्टाइलमधील रुंदीत गेला की सीएसएसला तो कळत नाही आणि पट्टी बिघडते. दाखवायचा आकडा आणि रुंदीचा आकडा वेगळे ठेवावेत. सर्व्हरवर इंटल नसेल, तर अंक इंग्रजी उमटतात. विकासाच्या संगणकावर ते चालू असल्याने हा फरक उशिरा लक्षात येतो. लांब नाव कापताना बाइट मोजणारे ‘सबस्ट्र’ वापरू नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यामुळे मधेच तुटलेले अक्षर बिघडलेले दिसते. ‘एमबी सबस्ट्र’नेही काना-मात्रा अक्षरापासून सुटू शकतात, पूर्ण अक्षरे मोजणारे इंटलमधील ‘ग्राफीम सबस्ट्र’ तिथे खरे उपयोगी पडते.

आयडी व ॲसेट : विजेटला आयडी (पानावरील घटकाची ओळख) दिला नाही, तर यी डब्ल्यू०, डब्ल्यू१ (w0, w1) असे क्रमाने देते. हा क्रम प्रत्येक रिक्वेस्टला शून्यापासून सुरू होतो. एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता, आलेला तुकडा जुन्या पानात बसला की एकाच आयडीचे दोन घटक होतात आणि स्क्रिप्ट भलत्याच धरणाची पट्टी हलवते. आयडी धरणाच्या नावावरून स्वतः द्यावा.

सीएसएस व जावास्क्रिप्ट ॲसेट बंडलमध्ये (अशा फाइलींची यादी ठेवणाऱ्या क्लासमध्ये) बांधून रनमध्ये नोंदवतात. यी त्या फोल्डरची प्रत सार्वजनिक ‘ॲसेट्स’ फोल्डरमध्ये टाकते. तिथे लिहिण्याची परवानगी सर्व्हरला हवी. प्रतीच्या फोल्डरचे नाव मूळ फोल्डरच्या बदल-वेळेवर अवलंबून असते. आतल्या फाइलीत दुरुस्ती केल्याने ती वेळ बदलेलच असे नाही, म्हणून जुनीच स्क्रिप्ट चालत राहते. विकास करताना दर वेळी नवी प्रत करणारे ‘फोर्सकॉपी’ चालू ठेवावे आणि नवी आवृत्ती चढवताना जुन्या प्रती काढाव्यात.

फ्रॅगमेंट कॅशमध्ये (पानाचा तयार तुकडा साठवून पुन्हा वापरण्याच्या सोयीत) विजेट ठेवल्यास एचटीएमएल साठते, ॲसेटची नोंदणी साठत नाही. पहिल्या वाचकाला पान नीट दिसते, पुढच्यांना स्टाइलविना. यावर उपाय म्हणजे बंडल कॅशच्या बाहेर, पानांच्या सामाईक लेआउटमध्ये नोंदवणे.

विंडोजवर चालणारे विजेट लिनक्स सर्व्हरवर ‘क्लास सापडला नाही’ म्हणत असेल, तर आधी फाइलीच्या नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे क्लासच्या नावाशी जुळवून पाहावीत.

अन्य फ्रेमवर्क : केकपीएचपी ३ पासून आणि कोडइग्नायटर ४ मध्ये अशा घटकांना सेल म्हणतात. लारावेलने मार्च २०२० मधील सातव्या आवृत्तीत ब्लेड या आपल्या टेम्प्लेट-भाषेत क्लासवर आधारित कंपोनंट आणले. ब्लेडमध्ये दुहेरी महिरपी कंसांतील मजकूर आपोआप सुरक्षित करून छापला जातो. यीच्या साध्या पीएचपी व्ह्यूत प्रत्येक नावाला ‘एचटीएमएल एन्कोड’ हाताने लावावे लागते.