ड्रॅगनस्टोनचा किल्ला स्पेनमध्ये नाही

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय: समुद्रातला खडक, वळणं घेत वर जाणारा दगडी पूल, माथ्यावर अक्राळविक्राळ काळा किल्ला. खाली ओळ, ‘गेम ऑफ थ्रोन्समधला ड्रॅगनस्टोन, स्पेनमध्ये आजही उभा!’ ड्रॅगनस्टोन म्हणजे त्या टीव्ही मालिकेतलं काल्पनिक बेट आणि त्यावरचा किल्ला.

खडक खरा, पूलही खरा. फोटोतला किल्ला मात्र खोटा. जागेचं नाव गास्तेलुगाचे, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर, बेर्मेओ गावाजवळ. 241 पायऱ्या चढून गेलं की लागतं ते संत योहानाचं छोटंसं प्रार्थनागृह. दाराशी घंटेची दोरी. तीनदा वाजवून इच्छा मागायची प्रथा आहे. मालिकेच्या 2017च्या सातव्या सीझनमध्ये हे प्रार्थनागृह पुसून तिथे संगणकावर किल्ला चढवला. पात्रं बोटीतून उतरतात तो किनारा तर वेगळाच, सुमाया गावचा. म्हणजे दोन जागा जोडून एक बेट!

ज्वालामुखीचंही तेच. कथेतला किल्ला धुमसत्या ड्रॅगनमाँट ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे आणि तो कथेतल्याच व्हॅलिरियन लोकांनी ड्रॅगनच्या आगीने व जादूने घडवलेला. सुमायाच्या किनाऱ्यावरच्या खडकांतले सुंदर पट्टे मात्र समुद्रतळाशी थरावर थर साचून झालेले. लाव्हाशी त्यांचा संबंध नाही. लाव्हाचाच दगड हवा असेल तर आपला पारसिकचा डोंगर आहे की! तो दख्खनच्या बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

तरीही गास्तेलुगाचेला जायचंच असेल, तर गर्दीच्या मोसमात आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.