पार्श्वभूमी : फिलिप ग्लास यांची बेरीज आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा

फिलिप ग्लास यांच्यावरच्या बहुतेक लेखांत एक वाक्य ठरलेलं असतं: भारतीय तालातून त्यांना बेरजेची पद्धत, म्हणजे छोटे तुकडे एकाला एक जोडत लय लांबवत नेण्याची रीत, मिळाली. कार्यक्रमपत्रिकांत आणि रेकॉर्डच्या पाठीवर ते इतक्यांदा छापून आलंय की आता त्याला कुणी हटकत नाही. तबल्याशी थोडीफार ओळख असलेल्या माणसाने तरी हटकायला हवं. डझनाहून जास्त सिम्फनी, कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) आणि ऑपेरे लिहिणाऱ्या या अमेरिकन संगीतकाराचा ऑर्केस्ट्रा समजून घ्यायचा असेल, तर त्याने आपल्याकडून नेमकं काय नेलं आणि काय इथेच सोडलं हे आधी बघावं लागतं.

सुरुवातीचा तपशील भराभर सांगतो. जन्म 31 जानेवारी 1937, बाल्टिमोर. पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात प्रवेश, गणित आणि तत्त्वज्ञान हे विषय. नंतर न्यूयॉर्कच्या एका नामांकित संगीतशाळेत रीतसर शिक्षण. वडिलांचं रेकॉर्ड विकायचं आणि रेडिओ दुरुस्त करायचं दुकान होतं. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या ते घरी आणत आणि का खपत नाहीत ते कळावं म्हणून ऐकत बसत. त्यांत आधुनिक संगीत बरंच असे, आणि ऐकता ऐकता त्यांना तेच आवडायला लागलं. वडिलांचा हा कान पुढे 1987 मध्ये कामाला येणार आहे.

खरी गोष्ट पॅरिसला सुरू होते. 1964 ते 1966 ग्लास तिथे एका अतिशय कडक फ्रेंच शिक्षिकेकडे शिकत होते. स्वरांवर स्वर कसे रचायचे याचे धडे रोज गिरवायचे, आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्याच काळात पंडित रविशंकर एका चित्रपटाच्या संगीतासाठी पॅरिसला आले. वाजवायला फ्रेंच वादक होते आणि त्यांना कागदावर लिहिलेलं लागे. पंडितजींनी सांगायचं, ग्लास यांनी ते नोटेशनमध्ये उतरवायचं आणि वादकांपुढे ठेवायचं, अशी व्यवस्था होती. तबल्यावर होते उस्ताद अल्लारखाँ.

कागद पुढे ठेवले, वादकांनी वाजवलं, आणि खाँसाहेबांनी थांबवलं. ग्लास यांनी दुरुस्ती केली, पुन्हा थांबवलं. त्यांचं म्हणणं एकच होतं: सगळे स्वर सारखे आहेत. जोर भलतीकडेच पडत होता. शेवटी हताश होऊन ग्लास यांनी कागदावरच्या उभ्या रेघा, म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनमध्ये ठरावीक मात्रांनंतर मारलेल्या बार-लाइन, सरळ पुसून टाकल्या. मग कागदावर स्वरांची एक सलग ओळ उरली, आणि तिच्यात दोन-दोन, तीन-तीनचे पुंजके दिसू लागले.

झालं काय असेल ते झपतालावर बघता येतं. (त्या चित्रपटात झपताल होता असं माझं म्हणणं नाही; मोजायला तो सोयीचा आहे.) धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन, तीन, दोन, तीन. आता याच दहा मात्रांवर दर चार मात्रांनंतर रेघ मारून बघा. रेघेनंतरच्या मात्रेवर जोर द्यायची पाश्चात्त्य वादकाच्या हाताला सवय असते. पहिला ‘धी’ ठीक. पण नंतर पाचव्या मात्रेचा ‘ना’ उगाच ठळक होतो, आणि नवव्या मात्रेवरचा, विभागाच्या पोटातला ‘धी’ अचानक वर उडी मारतो. एकही मात्रा चुकलेली नसते, पण ताल ओळखू येत नाही. कुठल्याही तबलजीने इथे हात वर केला असता.

पुढे ग्लास यांनी हा फरक एका उपमेतून मांडला. पाश्चात्त्य संगीत काळ कापतं, पावाच्या लादीचे काप करावेत तसं; भारतीय संगीत छोटे घटक घेऊन ते ओवत जातं आणि त्यातून मोठा काळ तयार होतो. उपमा सुंदर आहे, अर्धी खरीही आहे. दोन-तीनचे विभाग जोडून आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, बनतं, हे बरोबरच. पण आवर्तन एकदा बनलं की ते वाढत नाही. झपताल दहाचा, तीनताल सोळाचा. कलाकाराने तीनताल तासभर वाजवला तरी सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा. आतली सगळी कारागिरी त्या ठरलेल्या घेरात चालते, आणि तिथे बेरजेइतकीच वजाबाकीही लागते.

साधी तिहाई घ्या. पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा, मध्ये एकेक मात्रा मोकळी: पाच, एक, पाच, एक, पाच. एकूण सतरा. तीनतालात समेपासून उचललं की शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर पडतो. तुकडा बदलला किंवा मधली जागा वाढवली, तर कुठून उचलायचं ते बदलतं. हा हिशेब समेपासून उलटा करावा लागतो. क्लासमध्ये हातावर ताल धरून बसलेल्या पोरालाही हे पाठ असतं: आधी कुठे पोचायचं ते ठरतं, निघायची जागा नंतर.

ग्लास यांच्या बेरजेत पोचायची जागाच नाही. 1968 मधली त्यांची ‘1 + 1’ ही रचना याचं सगळ्यात उघडं उदाहरण. एक माणूस, एक टेबल, टेबलाला जोडलेला मायक्रोफोन. दोन तुकडे दिलेले: एकात दोन जलद ठोके आणि त्यांच्या दुप्पट लांबीचा एक, दुसऱ्यात नुसता तो एक लांब ठोका. वादकाने बोटांनी टेबल वाजवत हे तुकडे क्रमाने वाढवत-घटवत न्यायचे. पहिला तुकडा आणि एक ठोका, पहिला आणि दोन, पहिला आणि तीन. टेबलावर बोटं वाजवणारं पोर आपल्या प्रत्येक वर्गात एखादं असतंच, त्यामुळे ही रचना मला परकी वाटत नाही. पण तिचं आवर्तन दर खेपेला लांबतं. तीनतालात असं केलं तर त्याला ताल सुटणं म्हणतात.

म्हणून माझं मत असं: ग्लास यांनी तालाचे मणी घेतले, सम घेतली नाही. याला मी चोरी म्हणत नाही, गैरसमजही म्हणत नाही. आपल्या कागदावरच्या रेघा पुसल्यावर जे दिसलं ते त्यांनी घेतलं आणि त्यातून स्वतःचं काहीतरी उभं केलं. ‘भारतीय तालातून बेरीज’ या वाक्यात मात्र दोघांवरही अन्याय होतो. ताल म्हणजे नुसती बेरीज आहे असं परदेशी वाचकाला वाटतं, आणि ग्लास यांची स्वतःची कल्पना आपल्या खात्यावर जमा होते. शिवाय या वंशावळीत तिसराही एक धागा आहे. न्यूयॉर्कला परतल्यावर 1967 मध्ये ग्लास यांनी स्टीव्ह राइख या अमेरिकन संगीतकाराचं काम ऐकलं, आणि त्यानंतरच्या एका रचनेचं मूळ नाव ‘टू पेजेस फॉर स्टीव्ह राइख’ असं होतं. पुढे त्या नावातून राइख गळले. कोणाचं किती ऋण, हा वाद अजून मिटलेला नाही. तो केवळ पॅरिसच्या गोष्टीवर निकाली काढणं मला पटत नाही.

याच काळाला चिकटलेलं ‘मिनिमलिझम’ (अगदी थोड्या साहित्यातून रचलेलं संगीत) हे लेबल ग्लास यांना कधी रुचलं नाही. पुनरावृत्तीच्या रचना असलेलं संगीत, असं ते स्वतः म्हणतात. ते वर्णन साधं आहे आणि जास्त नेमकंही.

आता ऑर्केस्ट्राकडे. 1976 पर्यंत ग्लास यांचं बरंचसं संगीत त्यांच्या स्वतःच्या छोट्या संचासाठी होतं: इलेक्ट्रिक ऑर्गन, सॅक्सोफोन, बासरी, सगळं स्पीकरमधून मोठं केलेलं. ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा त्या वर्षी फ्रान्समध्ये आव्हिन्यों इथे आणि नंतर न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या ऑपेराघरात झाला, तोही अशाच संचावर. त्यात कोरस चक्क आकडे गातो: वन, टू, थ्री, फोर. आणि स्वरांची नावं. तालमीत मोजण्यासाठी धरलेले शब्द तसेच राहिले आणि तेच काव्य झालं. पढंत, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणणं, ऐकलेल्या कानाला हे लगेच कळतं. प्रयोग गाजला, कर्ज झालं, आणि संगीतकार पुन्हा न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायला लागला.

मग एका डच ऑपेरा कंपनीसाठी काम आलं आणि 5 सप्टेंबर 1980 रोजी रॉटरडॅमला ‘सत्याग्रह’ झाला. विषय गांधींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, शब्द गीतेचे, आणि तेही संस्कृतात. सुरुवातीलाच गांधींच्या तोंडी ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं’ येतं. विद्यार्थिदशेनंतर नेहमीच्या ऑर्केस्ट्रासाठी ग्लास पहिल्यांदाच लिहीत होते, आणि त्यांनी तो अर्धाच वापरला. तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, एक ऑर्गन. पितळी वाद्यं नाहीत, ढोल-ताशे नाहीत. ऑर्गनची कळ थकत नाही, व्हायोलिन वाजवणाऱ्याचा दंड थकतो. तेच तुकडे रात्रभर वाजवायचे म्हणजे काय, हे त्या वादकांना पहिल्यांदा कळलं असेल.

शेवटच्या प्रवेशात गांधी एकटे उरतात आणि ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि’ या श्लोकांवर एकच आरोही ओळ गातात. आठ स्वर, पायरी-पायरीने वर, पुन्हा तेच, तीस वेळा. ती सप्तक-ओळ पाश्चात्त्य भाषेत फ्रिजियन. आपल्या पेटीवर वाजवून बघा: रे, ग, ध, नी कोमल. भैरवी थाट. रागाचं चलन तिच्यात नाही आणि ग्लास यांनी भैरवी मनात धरली होती असं मी म्हणणार नाही. पण तीन अंकांनंतर, सगळं सांगून झाल्यावर, हे स्वर कानावर पडतात तेव्हा आपल्याकडच्या श्रोत्याला मैफल संपत आल्याचं कुणी सांगावं लागत नाही. मला तरी तिथे दर वेळी गलबलून येतं.

1984 चा ‘अखनातेन’ श्टुटगार्टसाठी. तिथल्या ऑपेराघराचं नूतनीकरण चालू असल्याने प्रयोग लहान नाट्यगृहात हलवला गेला आणि वादकांच्या खड्ड्यात जागा पुरेना. ग्लास यांनी व्हायोलिनच काढून टाकली. वरचा उजेड गेला, व्हिओला आणि चेलोंचा गडद आवाज उरला, आणि इजिप्तच्या राजाच्या अंत्ययात्रेला तो असा शोभला की पुढे जागा असूनही कुणी व्हायोलिन परत घातली नाहीत.

1987 मध्ये व्हायोलिन परत आलं, एकटं आणि पुढे. हा व्हायोलिन कॉन्चेर्टो वडिलांना आवडेल असा लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. वडील 1971 मध्येच गेले होते. संगीताचं शिक्षण नाही, पण सभागृहं ज्यांच्यामुळे भरतात तसा श्रोता, असं त्यांचं वर्णन मुलाने केलंय. तीन भाग, जलद-संथ-जलद, सगळं परंपरेप्रमाणे. आणि इथे त्या जुन्या दोन-तीनचं काय झालं ते स्पष्ट दिसतं. सुरुवातीच्या रचनांत दोन आणि तीन एकापुढे एक उभे असत. ऑर्केस्ट्रात ते एकावर एक चढले: खाली दोनाची चाल, वर त्याच वेळात तीन स्वर. आपण ज्याला आड म्हणतो ती दीडपट. ओळीतली बेरीज मागे पडली आणि लयकारी आली. एका अर्थाने ग्लास तालाच्या जास्त जवळ आले ते इथे, बेरीज सोडल्यावर.

सिम्फनीकडे त्यांना ढकललं एका कंडक्टर मित्राने: ऑपेराच लिहीत बसलेल्या आणि एकही सिम्फनी न लिहिलेल्या संगीतकारांत तुला मी जमा होऊ देणार नाही, असं त्याने बजावलं होतं. 1992 ची पहिली ‘लो’ सिम्फनी ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांच्या 1977 च्या त्याच नावाच्या अल्बमवर बेतली होती. हिला सिम्फनी म्हणावं का, यावर बरीच शाई खर्च झाली. मला तो प्रश्न लहान वाटतो. लोकधून घेऊन सिम्फनी बांधणारे युरोपात शंभर वर्षांपूर्वीही होते. चौथी ‘हीरोज’ 1996 ची, तीही बोवींवरूनच. बोवींचाच आणखी एक अल्बम 2019 मध्ये बाराव्या सिम्फनीत आला, पण तिथे त्यांनी फक्त शब्द घेतले आणि सुरावट सगळी स्वतःची केली. मधल्या काळात 1999 ची पाचवी साल्झबुर्गला झाली, ऋग्वेदापासून कुराणापर्यंतचे उतारे घेऊन, कोरस आणि एकल गायकांसह. 2005 च्या आठवीत एकही शब्द नाही, आणि ती संथ भागावर हळूच संपते. ऐंशीव्या वाढदिवशी, 31 जानेवारी 2017 ला, न्यूयॉर्कमध्ये अकरावी वाजली.

त्याच वर्षी लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात ‘पॅसेजेस’ पहिल्यांदा अखंड, जिवंत वादकांनी वाजवलं. रविशंकर आणि ग्लास यांनी 1990 मध्ये ही रेकॉर्ड केली होती: एकमेकांना सुरावटी द्यायच्या आणि दुसऱ्याच्या सुरावटीवर आपली रचना बांधायची. पॅरिसमध्ये पंडितजींचं संगीत कागदावर उतरवणारा तरुण पंचवीस वर्षांनी त्यांच्या बरोबरीने लिहीत होता. प्रॉम्सच्या त्या संध्याकाळी सतारीवर अनुष्का शंकर होत्या. पंडितजी 2012 मध्ये गेले होते, आणि रेघा चुकल्यात हे ज्यांच्या कानाने पहिल्यांदा पकडलं ते अल्लारखाँ त्याच्याही आधी, 2000 मध्ये, मुंबईत.