वास जाणं कोविडच्याही आधीचं आहे, लक्ष मात्र २०२० नंतर गेलं

व्हायरल इन्फेक्शन होऊन गेल्यावर महिनोन्महिने वास न येणं हे कोविडनेच आणलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. साधी सर्दी, फ्लू, पॅराइन्फ्लुएंझा नावाचा सर्दी-खोकल्याचा व्हायरस, अगदी सर्दीवाले जुने कोरोनाव्हायरससुद्धा लोकांचा वास घालवत आलेत. ताप जातो, नाक मोकळं होतं, माणूस कामाला लागतो आणि वास तेवढा परत येत नाही, तपासणीत नाक ठणठणीत दिसतं, मग येईल हळूहळू एवढं सांगून पेशंटला घरी पाठवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

चव गेली म्हणतात त्यातही बहुतेक वेळा वासच गेलेला असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यासारखी चव) एवढंच कळतं, बाकी सगळी मजा घास चावताना घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढणाऱ्या वासाची. (कोविडमध्ये काहींची जिभेची चवही खरोखर गेली, ते वेगळं.)

याकडे दुर्लक्ष का झालं त्याची मुळं १९व्या शतकात आहेत. फ्रान्सचे मेंदू अभ्यासणारे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी मेंदूतला वासाचा भाग माणसात तुलनेने लहान आहे यावर बोट ठेवलं आणि माणसाला वासाचं फारसं काम नाही ही समजूत जी बसली ती बसलीच. ती शास्त्राला धरून नाही हे मेंदूशास्त्रज्ञ जॉन मॅकगॅन यांनी सविस्तर मांडलं ते थेट २०१७ मध्ये. मला वाटतं पेशंटचं सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने केलंय. दिसायचं किंवा ऐकू यायचं बंद झालं असतं तर असं कोणी घरी पाठवलं नसतं.

उपचारांची कथा तर वाचून वाईट वाटतं. १९३७ मध्ये टोरांटोत पोलिओची साथ होती, व्हायरस नाकातून मेंदूत जातो असा समज होता, म्हणून सुमारे ५,००० मुलांच्या नाकात अगदी वरपर्यंत झिंक सल्फेटचा स्प्रे मारला. पोलिओ थांबला नाहीच, उलट काही मुलांचा वास गेला. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट हेन्किन यांनी वास-चव गेलेल्यांना तेच झिंक पोटातून देऊन पाहिलं आणि १९७६ च्या नीट चाचणीत ते डमी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. २००९ मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, सर्दीवरच्या झिंकच्या नेझल जेलने वास जाऊ शकतो असा इशारा द्यावा लागला. तरी वास गेला की झिंक घ्या हा सल्ला काही थांबत नाही.

खरं काम हळूहळू होत होतं. १९८४ मध्ये रिचर्ड डोटी यांनी कागद खरवडून ४० वास ओळखायची टेस्ट आणली, म्हणजे वास किती गेलाय ते मोजता यायला लागलं. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी वासाच्या रिसेप्टरचे, म्हणजे नाकात वास पकडणाऱ्या प्रोटीनचे, जीन्स शोधले, २००४ चं नोबेल त्याचंच. आणि २००९ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी स्मेल ट्रेनिंग मांडलं: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, हे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक दहा सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे, वास येत नसला तरी हुंगायचे, असं १२ आठवडे. खर्च जवळपास नाही, साइड इफेक्ट नाही, आणि तरी २०२० पर्यंत कितीतरी पेशंटच्या कानावर हे गेलंच नव्हतं.

मग कोविड आला. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या ईएनटी (कान-नाक-घसा) डॉक्टरांनी अचानक वास जाणं हे कोविडचं लक्षण धरा असं जाहीर सांगितलं आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ते लक्षणांच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी कळलं की व्हायरस पेशीवरच्या ज्या एसीई-२ नावाच्या प्रोटीनला चिकटतो ते वासाच्या चेतापेशींवर नसतंच, शेजारच्या आधार देणाऱ्या पेशींवर असतं, त्या पडल्या की चेतापेशी लुळ्या होतात, पण बहुतेकदा मरत नाहीत. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत आला. ज्यांचा आला नाही अशा काही जणांच्या नाकाच्या आतल्या अस्तराचे नमुने ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टीमने तपासले तेव्हा, २०२२ मध्ये, व्हायरस निघून गेल्यावरही तिथे टी-सेल्सची (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) सूज चालू असलेली आणि चेतापेशी कमी झालेल्या दिसल्या.

बऱ्याच जणांना मधल्या काळात पॅरोस्मिया होतो, म्हणजे कॉफी, कांदा, भाजलेलं मांस यांना जळकट किंवा सडका वास यायला लागतो, जेवण नकोसं होतं. याच लोकांना मनाचे खेळ आहेत असं ऐकावं लागलंय, पण हे वासाच्या चेतापेशी नव्याने वाढताना होतं असं डॉक्टर मानतात. पक्कं औषध अजून नाही, स्टेरॉइडचा पुरावा कच्चा आहे, पीआरपीच्या (पेशंटच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स भरपूर असलेल्या द्रवाच्या) इंजेक्शनच्या चाचण्या चालू आहेत, आणि आजही पहिला सल्ला दिला जातो तो २००९ च्या त्या चार वासांचाच.