गॅरेजचं दार उचलतं कोण? मोटर नाही, स्प्रिंग

एका सकाळी बटण दाबलं, मोटर घुंई करून चालू झाली, दार जेमतेम वीतभर उचललं गेलं आणि तिथंच थांबलं. परत दाबलं, परत तेच. मी लगेच निदान करून मोकळा, मोटर गेली! नव्या मोटरींच्या किमती बघायलाही सुरुवात केली होती. दुरुस्तीला जो माणूस आला त्याने मोटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेल्या जाड स्प्रिंगकडे बोट दाखवलं. तिच्या वेटोळ्यांमध्ये मधेच दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. म्हणाला, रात्री काही आवाज आला होता का? आला होता की, फाडकन, आम्हाला वाटलं माळ्यावरून काहीतरी पडलं.

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की गॅरेजचं दार मोटर उचलतच नाही. दार उचलते ती स्प्रिंग, मोटर फक्त ढकलाढकल करते, म्हणजे सुरुवात करून द्यायची, वेग सांभाळायचा, आणि शेवटी थांबायचं. लिफ्टमध्ये जसं दुसऱ्या बाजूला वजन लटकवलेलं असतं तसं इथे वजनाच्या जागी स्प्रिंग. म्हणून तर ७० किलोचं दार (लाकडी, डबल असेल तर त्याहून बरंच जड) धडधाकट माणसाला एका हाताने वर नेता येतं.

आता यातली खरी गंमत बघा. दार बंद असताना सगळं वजन केबलला, म्हणजे दाराच्या खालच्या कोपऱ्यांपासून वरच्या दांड्यापर्यंत जाणाऱ्या तारेच्या दोरांना, लटकलेलं असतं, पण दार वर जायला लागलं की वरच्या फळ्या एकेक करून वळणावरून छताखालच्या आडव्या ट्रॅकवर जाऊन आडव्या होतात आणि त्यांचा भार ट्रॅक घेतो. अर्धं दार वर गेलं की केबलवर साधारण अर्धंच वजन उरतं. आणि स्प्रिंगचंही नेमकं तसंच, दार बंद असताना तिला सगळ्यात जास्त पीळ असतो, दार वर जाईल तसा पीळ सुटत जातो आणि तिचा जोर कमी होत जातो. दोन्ही गोष्टी एकाच चालीने घटतात म्हणून दार कुठेही सोडलं तरी तिथंच राहतं. ज्याने कोणी हे जुळवलं त्याला माझा नमस्कार.

हिशोबही साधा आहे. दांड्याच्या दोन्ही टोकांना केबल गुंडाळायचे ड्रम असतात, ४ इंची ड्रमचा घेर साधारण साडेबारा इंच. दार ७ फूट म्हणजे ८४ इंच उंच, तेवढी केबल गुंडाळायला पावणेसात फेरे लागतात. पण स्प्रिंगला पीळ देतात साडेसात फेऱ्यांच्या आसपास, कारण दार पूर्ण वर गेल्यावरही थोडा ताण उरला पाहिजे, नाहीतर केबल ढिली पडून ड्रमवरून निसटते. दार तिरकं होऊन एका बाजूला अडकलं असेल तर बहुतेक वेळा केबल निसटलेली तरी असते नाहीतर एका बाजूची तुटलेली.

या स्प्रिंगला टॉर्शन स्प्रिंग म्हणतात, कपड्याच्या चिमट्यात असते तिचीच थोरली बहीण. नाव टॉर्शन, म्हणजे पीळ, पण तिची तार प्रत्यक्षात पिळली जात नाही, वाकते! उलट काही दारांना दोन्ही बाजूंच्या ट्रॅकला समांतर लांब ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्यांची तार मात्र खरोखर पिळली जाते. नावं देणाऱ्यांनी स्प्रिंग बघितली, तार नाही. तुमच्याकडे ताणणारी स्प्रिंग असेल तर तिच्या पोटातून एक सेफ्टी केबल गेलेली आहे का ते आजच बघा, नसेल तर लावून घ्या, कारण ती तुटली की चाबकासारखी उडते.

स्प्रिंग तुटते कशामुळे? थकते म्हणून. तारेचा तुकडा वाकवून सरळ करत राहिलं की तो कधीतरी मोडतो, तेच. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं धरतात, एक फेरी म्हणजे एकदा उघडून बंद. दिवसाला ४ वेळा दार वापरलं तर २,५०० दिवस, म्हणजे सात वर्षांना थोडे कमीच. माझी तुटलेली स्प्रिंग मी मागून घेतली आणि मोडलेलं टोक उजेडात धरून बघितलं. एका कडेला नखाच्या कोरीएवढा काळपट डाग होता, गंज चढलेला, आणि बाकीचा भाग लख्ख, खडबडीत. म्हणजे चीर त्या कडेला कधीचीच पडली होती, हळूहळू आत सरकत होती, आणि उरलेली तार त्या रात्री एका झटक्यात गेली. गंजाचा बारीक खड्डा ही अशा चिरेची आवडती जागा, म्हणून स्प्रिंगवर अधूनमधून तेलाचा हलका हात फिरवायचा, आवाजही कमी होतो. दोन स्प्रिंगा असतील आणि एक तुटली तर दुसरीही बदलून टाका, तिचंही वय तेवढंच झालेलं असतं.

आणि कृपा करून स्प्रिंग स्वतः बदलायला जाऊ नका. ७० किलोचं दार वर जाताना त्याचं वजन सरासरी एक मीटरच्या वर उचललं जातं, ती सगळी ऊर्जा, ७०० ज्यूलच्या पुढे, दार बंद असताना स्प्रिंगमध्ये भरून ठेवलेली असते. पीळ द्यायला मापाचे लोखंडी दांडे लागतात, लोक तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसतात, तो सटकला की हाताची बोटं नाहीतर तोंड. दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटलाही पाना लावायचा नाही, केबल तिथंच अडकवलेली असते आणि तिच्यावर स्प्रिंगचा पूर्ण ताण असतो. हे आणि स्प्रिंग, दांडा, ड्रम यांवरचे सोडून बाकी नट-बोल्ट खुशाल आवळा, दार रोज थरथरतं त्यामुळे ते ढिले होतच राहतात.

घरच्या घरी करायची सगळ्यात कामाची तपासणी म्हणजे तोलाची. दार बंद करा, मोटरपासून सोडवायची लाल दोरी ओढा, हाताने दार कमरेपर्यंत उचला आणि हळूच सोडा, हात जवळच ठेवा, खाली कुणाचा पाय नको. थांबलं तर उत्तम. खाली घसरलं तर स्प्रिंग ढिली पडलीये, आपोआप वर चाललं तर पीळ जास्त झालाय. आतून इन्सुलेशनच्या शीट लावल्या, किंवा लाकडी दारात पाणी मुरलं, की दाराचं वजन वाढतं, स्प्रिंगला हे कोण सांगणार!

इथे बरेच जण एक चूक करतात. दार जड झालं की मोटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जोर वाढवतात. दार चालतं, खूश. पण दाराखाली काही अडकलं तर उलटं फिरायची मोटरची अक्कल त्या जोराच्या मर्यादेवरच चालते, तुम्ही तीच बोथट केलीत. शिवाय बऱ्याच चेनवाल्या मोटरींत आत एक नायलॉनचं गिअर असतं, जास्त भार पडला की ते झिजायला लागतं, मोटरच्या डब्यातून पांढरा भुगा पडताना दिसला तर समजून जा. दारात जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार बंद करून बघा, टेकल्या टेकल्या ते परत वर जायला हवं. नाही गेलं तर दुरुस्ती होईपर्यंत मोटर वापरू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

खाली दोन्ही बाजूंना समोरासमोर सेन्सर असतात, जमिनीपासून ६ इंचांच्या वर लावायचे नाहीत, रांगतं मूल किंवा मांजर सुटायला नको. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना अशी जादा सुरक्षा सक्तीची आहे. एक सेन्सर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, दुसरा तो पकडतो. दार खाली येता येता उगाच परत वर जात असेल तर आधी तिथलं कोळ्याचं जाळं पुसा, कुणाचा धक्का लागून सेन्सर वाकडा झालाय का बघा, आणि ठराविक वेळेलाच होत असेल तर ऊन थेट सेन्सरच्या डोळ्यात जातंय का तेही बघा. रिमोट अचानक जवळूनच चालायला लागला तर मोटरवरचा एलईडी बल्ब काढून बघा, काही स्वस्त बल्ब रेडिओ लहरींचा गोंगाट करतात.

वंगणाबद्दल थोडंसंच. बिजागऱ्या, रोलरच्या उघड्या बेअरिंगा आणि स्प्रिंग, इथे सिलिकॉन स्प्रे नाहीतर पांढरं लिथियम ग्रीस, वर्षातून दोनदा. ट्रॅकला काहीही लावायचं नाही, फक्त फडक्याने पुसायचा, ग्रीस लावलंत तर धूळ बसून चिकटा होतो आणि रोलर फिरायचे सोडून घसरतात. गंज सोडवायचा जो पातळ स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो तो साफसफाईला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही.

राहिली ती लाल दोरी. वीज गेली की ओढायची आणि दार हाताने उघडायचं, घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. पण शक्यतो दार बंद असतानाच. दार अर्धवट वर अडकलंय आणि स्प्रिंग तुटलेली आहे अशा वेळी दोरी ओढली तर सगळं ७० किलो एकदम खाली येतं. म्हणून ओढण्याआधी मान वर करून स्प्रिंगकडे बघायचं, फट दिसली की दोरीला हात लावायचा नाही, दाराखालून माणसं बाजूला करायची आणि मेकॅनिकला फोन लावायचा.