सी-सॉ: फळी, टेकू आणि बसायची जागा

बागेतला सी-सॉ स्प्रिंगचा असावा की जुन्या लोखंडी घोड्यावरचा, म्हणजे पक्क्या आधारावर तोललेला, असा वाद पुण्यात सोसायट्यांच्या सभांपासून बागेच्या कट्ट्यापर्यंत ऐकू येतो. दोन्ही बाजूंनी मुलांच्या काळजीपोटीच बोललं जातं. पण त्यात मधली एक पायरी सगळेच विसरतात: फळी जाऊन तिच्या जागी आसनं आली, ती.

मी १९८४ पासून पुढची सत्तावीस वर्षं पेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हाचा सी-सॉ मला पाठ आहे. जमिनीत पक्का केलेला पाइपचा घोडा, त्यावर आडवा दांडा, दांड्यावर फिरणारा बुश, म्हणजे नळीचा तुकडा, आणि बुशवर साधारण तीन मीटरची जाड फळी. धरायला दोन्हीकडे लोखंडी कड्या. बसायला वेगळं काही नाही, फळीवरच बसायचं. उन्हाळ्यात दुपारी ती तापायची, पावसाळ्यात फुगायची, आणि बुश घासला की तिची कुरकुर फाटकापर्यंत ऐकू यायची. पण त्या फळीवर मागंपुढं सरकता येत होतं. "तू जड आहेस, पुढं सरक," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. जाड मुलगा टेकूकडं सरकायचा, किरकोळ मुलगी अगदी टोकाला जायची आणि फळी तरंगायला लागायची.

सातवीचा वर्ग मी दरवर्षी बागेत नेत असे. सोबत वजनकाटा, मोजपट्टी आणि खडू. टेकूपासून दर पाव मीटरवर फळीवर खुणा करायच्या. २४ किलोची मुलगी दीड मीटरवर बसली, तर ३६ किलोच्या मुलाला एक मीटरवर बसावं लागतं. वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडं ३६. मुलं आधी अंदाजानं बसायची, मग मोजायची, आणि खूण बरोबर जुळली की जो आरडाओरडा व्हायचा तो वर्गात कधी झाला नाही. सिरॅक्यूजच्या आर्किमिडीज या गणितज्ञानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरफेचा नियम मांडला, तो पोरांना अशा खडूच्या रेघांवर कळायचा.

आता नावाचा गुंता. झोका, पाळणा, घसरगुंडी ही नावं आपली. सी-सॉला मात्र सर्वांच्या तोंडी बसेल असा मराठी शब्द मिळाला नाही. काही जण 'वरखालीची फळी' म्हणतात, लहान मुलं 'सीसा' म्हणतात, आणि कित्येक घरांत त्यालाही 'झोका'च म्हणतात. झोका म्हणणं मला पटत नाही. झोका वरून लटकतो, ही फळी खालून टेकलेली असते, आणि तिची सगळी गंमत त्या टेकण्यात आहे. लिंगही ठरलेलं नाही: तो सी-सॉ, की ते सी-सॉ? मी 'तो' म्हणतो.

इंग्रजी नावाबद्दल वर्गावर्गांत एक गोष्ट सांगितली जाते. वर गेलं की दिसतं म्हणून 'सी', खाली आलं की दिसून गेलेलं असतं म्हणून 'सॉ'. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. या नावातला 'सॉ' म्हणजे करवत. मोठा ओंडका चिरताना एक माणूस वर आणि एक खाली, असे दोघे करवत ओढायचे, आणि त्या ठेक्यावरचे हे बोल सतराव्या शतकापासून इंग्रजीत नोंदलेले आहेत. 'सी' हा नुसता यमकासाठी जोडलेला आवाज. म्हणून त्याचं शब्दशः भाषांतर करू पाहणारा फसतो.

'तरफ' शब्दही सरळ नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तरफ म्हणजे टेकूवर फिरणारा दांडा. 'मंडळातर्फे' लिहितो तेव्हा तरफ म्हणजे बाजू. जुन्या महसुली कागदांत तर्फ म्हणजे काही गावांचा गट, आणि अनेक गावांच्या नावांत तो अजून टिकून आहे. मुलांना यातलं फक्त पुस्तकातलं माहीत असतं: टेकू मध्ये असेल तर पहिला प्रकार, उदाहरण सी-सॉ आणि कात्री, भार मध्ये असेल तर दुसरा, उदाहरण अडकित्ता, बल मध्ये असेल तर तिसरा, उदाहरण चिमटा.

खेळ आपल्याकडं नव्हता असं मात्र नाही. बैल सोडलेल्या गाडीच्या जुवाकडं दोन पोरं आणि मागं दोन पोरं बसली की झाला सी-सॉ, आस हाच टेकू. मागं ओझं जास्त झालं की गाडी 'उलाळ' झाली म्हणतात, जू वर उचललं जातं. पुढं जास्त झालं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडी भरणारा माणूस पोती मागंपुढं सरकवूनच तोल साधतो. माझ्या आजोळी गाडीवान हे बोटानं जू उचलून तपासायचे. कोकणात विहिरीवरची लाट, म्हणजे टेकूवर तोललेला लांब वासा, याच तत्त्वावर पाणी उपसते. शब्द होते, समज होती. पण खेळणं म्हणून सी-सॉ शाळेत आणि बागेत आला तो लोखंडात तयार होऊन, नावासकट. पेशवे उद्यानात १९५६ साली फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वे सुरू झाली, तिला मात्र केवढं सुंदर मराठी नाव मिळालं!

बदलाची सुरुवात अपघातांच्या भीतीतून झाली, आणि ती भीती खोटी नव्हती. खालचं मूल अचानक उतरलं की वरचं धाडकन आपटतं. माझ्याच वर्गातल्या एका मुलाची हनुवटी कडीवर आपटून जीभ चावली गेली होती, रक्तानं भरलेला त्याचा रुमाल मी विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही टोकांखाली जुने टायर अर्धे पुरून घेतले. अमेरिकेतल्या मैदान-सुरक्षेच्या सरकारी पुस्तिकेतही हाच उपाय आहे. फळीचा कल २५ अंशांहून जास्त होऊ नये, आणि अगदी लहान मुलांसाठी मध्यावर स्प्रिंग असल्याशिवाय सी-सॉ नको, असंही तिथं सांगितलं आहे. म्हणजे टायर आणि कोनाची मर्यादा एवढ्यानं मोठ्या मुलांचा सी-सॉ राखता येत होता.

आमच्याकडं आधी फळी गेली. तिच्या जागी पाइप आला आणि पाइपच्या टोकांना पत्र्याची, मग प्लास्टिकची आसनं पक्की बसली. या टप्प्यावर कुणी ब्र काढला नाही, मीही नाही. आसन आलं म्हणजे सोय झाली असंच वाटलं. पण पुढं सरकायची वाट तिथंच बंद झाली. वजनात फरक असलेली दोन मुलं बसली की एक वर लटकतं, दुसरं खाली रुतून बसतं, आणि वैतागून उडी मारतं. नेमका तोच अपघात. मग स्प्रिंग आली. तिनं आपटणं थांबवलं, एकट्या मुलालाही डुलता येऊ लागलं, बुशाला ग्रीस लावायची कटकट संपली. स्प्रिंगवाल्यांचं हे म्हणणं मी मान्य करतो. फक्त त्यावर २४ आणि ३६ चं गणित दाखवता येत नाही, कारण उरलेला फरक स्प्रिंग गिळून टाकते.

चार आसनांचा सी-सॉही मिळतो, दोन आसनं टोकांना आणि दोन आत. आतलं आसन टेकूपासून पाऊण मीटरवर आणि बाहेरचं दीड मीटरवर असेल, तर आत बसलेला ४० किलोचा दादा टोकावरच्या २० किलोच्या बहिणीला बरोबर तोलून धरतो. माझं म्हणणं, बागेत असाच सी-सॉ बसवायचा, खाली टायर पुरायचे, आणि मधल्या दांड्यावर खडूनं लिहायला थोडी जागा ठेवायची.