अमेरिकेतील खेळाडूंचे वंशभेदविरोधी निषेध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खेळाडूंनी, त्यांतही मुख्यतः कृष्णवर्णीय खेळाडूंनी, वंशभेद आणि त्यातून घडणारा अन्याय यांविरुद्ध खेळाच्या मैदानावरून किंवा खेळाडू म्हणून मिळालेल्या स्थानाच्या बळावर वेळोवेळी नोंदवलेला निषेध. सामन्यावर बहिष्कार घालणे, राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहणे किंवा गुडघा टेकणे, विजयमंचावर मूठ उंचावणे आणि कपड्यांवर मजकूर लिहिणे हे या निषेधाचे परिचित प्रकार होत. मराठीत या संदर्भात ‘वर्णभेद’ आणि ‘वंशभेद’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. गुलामगिरीच्या काळापासून एका अख्ख्या समाजाला दुय्यम ठरवत आलेल्या व्यवस्थेचा हा प्रश्न असल्यामुळे या नोंदीत ‘वंशभेद’ हा शब्द वापरला आहे.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी पुढच्या काही दशकांत शाळा, आगगाड्या, उपाहारगृहे आणि मतदान यांत कृष्णवर्णीयांना वेगळे पाडणारे कायदे केले आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विभक्तीकरणाला मान्यता दिली. खेळात मात्र बऱ्याचदा कायद्याचीही गरज पडली नाही. मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ मध्ये टोलिडोच्या संघातून व्यावसायिक बेसबॉलच्या वरच्या श्रेणीत खेळले होते. त्यानंतर संघमालकांनी आपसातल्या समजुतीने ते दार बंद केले आणि ते साठ वर्षांहून अधिक काळ बंदच राहिले. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्येही १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियम कुठे लिहिलेलाच नसल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती, हे या बंदीचे सर्वांत क्रूर अंग म्हणावे लागेल.

या काळात नुसते जिंकणे हासुद्धा अपराध ठरू शकत असे. जॅक जॉन्सन १९०८ मध्ये सिडनी येथे हेवीवेट गटाचे पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते झाले. त्यांना हरवण्यासाठी निवृत्तीतून परत आणलेल्या जिम जेफ्रीज या गोऱ्या मुष्टियोद्ध्याला त्यांनी ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे नमवले, तेव्हा अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले आणि माणसे मारली गेली. पुढे १९१३ मध्ये जॉन्सन यांना स्त्रियांच्या अनैतिक वाहतुकीसंबंधीच्या कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. तो खटला वंशद्वेषातून उभा राहिला होता, हे आता सर्वमान्य आहे. मरणोत्तर माफी मिळायला मात्र २०१८ साल उजाडले.

जॅकी रॉबिन्सन यांनी १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघातर्फे मैदानात उतरून बेसबॉलमधील बंदी मोडली. शिव्या आणि अपमान सोसायचे, उलट उत्तर द्यायचे नाही, अशी हमी त्यांनी संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांना दिली होती. ही हमी देणारा माणूस स्वभावाने मुळीच सोशिक नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. सैन्यात असताना १९४४ मध्ये टेक्सासमधील छावणीत बसच्या मागच्या बाजूला जाऊन बसण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यावरून त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि ते निर्दोष सुटले होते. अमेरिकेने रॉबिन्सन यांना वांशिक सलोख्याचे प्रतीक म्हणून मिरवले. त्याच रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मात्र आपण राष्ट्रगीतासाठी उभे राहून ते गाऊ शकत नाही, असे स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांतील निषेध बहुतेक प्रवासात, हॉटेलांत आणि सत्कारांच्या निमित्ताने झाले. उंच उडीतील खेळाडू एरोझिआना रॉबिन्सन या १९५९ मध्ये शिकागो येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिल्या. रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकून आलेल्या विल्मा रुडॉल्फ यांनी १९६० मध्ये टेनेसीतील आपल्या क्लार्क्सव्हिल गावी गोरे आणि काळे यांना वेगळे बसवून होणारा सत्कार नाकारला. परिणामी त्या गावात दोन्ही समाज प्रथमच एकत्रितपणे मिरवणुकीत सामील झाले. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे १९६१ मध्ये हॉटेलच्या उपाहारगृहात वाढण्यास नकार मिळाल्यावर बास्केटबॉलपटू बिल रसेल आणि त्यांच्या बोस्टन सेल्टिक्स संघाचे इतर कृष्णवर्णीय खेळाडू सामना न खेळताच परतले. जानेवारी १९६५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन फुटबॉलच्या निवडक खेळाडूंचा सामना ठरला होता. तेथे टॅक्सीवाल्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना गाडीत घेतले नाही, क्लबांनी दारातूनच परतवले. एकवीस जणांनी खेळण्यास नकार दिला आणि आयोजकांना संपूर्ण सामना ह्यूस्टनला हलवावा लागला. एकट्याने केलेला नकार चिरडता येतो, पण एकवीस जणांशिवाय सामना उभा राहत नाही. हा अनुभव पुढे अर्ध्या शतकाने पुन्हा कामी आला.

मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे सैन्यभरती नाकारली. त्यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले, खेळण्याचा परवाना गेला, आणि पाच वर्षांची कैद व १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळे ते तुरुंगाबाहेर राहिले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. परंतु मुष्टियोद्ध्याच्या उमेदीची तीन वर्षांहून अधिक वर्षे गेली ती गेलीच.

अलींना मिळालेली ही वागणूक १९६८ च्या आंदोलनाच्या मुळाशी होती. सॅन होजे येथील महाविद्यालयात शिकवणारे समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनी ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना उभी केली आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना मेक्सिको सिटी ऑलिम्पिकवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. अलींचे विजेतेपद परत करावे, गोऱ्यांची राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया (आताचा झिंबाब्वे) यांना ऑलिम्पिकबाहेर ठेवावे, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना हटवावे आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमावेत, या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. दक्षिण आफ्रिकेला अखेरीस त्या ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला नाही. सर्वांचा मिळून बहिष्कार मात्र घडला नाही आणि ज्याने त्याने आपापल्या परीने निषेध नोंदवावा, असे ठरले.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी २०० मीटर धावण्याच्या अंतिम शर्यतीत टॉमी स्मिथ यांनी १९.८३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन (२०.०६ सेकंद) दुसरे आणि अमेरिकेचे जॉन कार्लोस (२०.१० सेकंद) तिसरे आले. स्मिथ आणि कार्लोस विजयमंचावर आले ते बूट काढून, केवळ काळ्या मोज्यांवर; हे मोजे कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याची खूण होते. स्मिथ यांच्या गळ्यात काळा रुमाल होता. कार्लोस यांच्या गळ्यात मण्यांची माळ होती आणि ती झुंडींनी फासावर लटकवलेल्या माणसांच्या स्मरणार्थ होती. कार्लोस यांनी आपल्या जाकिटाची चेन कष्टकऱ्यांसाठी म्हणून उघडी ठेवली होती. आपली हातमोज्यांची जोडी ते खेळाडूंच्या निवासस्थानीच विसरून आले होते. तेव्हा स्मिथ यांच्याच जोडीतला उजवा हातमोजा स्मिथ यांनी आणि डावा कार्लोस यांनी घातला. ही वाटणी नॉर्मन यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. त्या छायाचित्रात एकाची उजवी आणि दुसऱ्याची डावी मूठ दिसते, ती यामुळे. राष्ट्रगीत सुरू होताच दोघांनी माना खाली घातल्या आणि मुठी उंचावल्या. तिघांच्याही छातीवर एडवर्ड्स यांच्या संघटनेचा बिल्ला होता. नॉर्मन यांनी तो अमेरिकेच्या नौकानयन संघातील गोरे खेळाडू पॉल हॉफमन यांच्याकडून मागून घेतला होता.

अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने आधी केवळ माफी मागितली होती. ब्रंडेज यांच्या समितीने संपूर्ण अ‍ॅथलेटिक्स संघावर कारवाई करण्याची धमकी दिल्यावर स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून निलंबित करून खेळाडूंच्या वसाहतीबाहेर काढण्यात आले. ऑलिम्पिकमध्ये राजकारण आणल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. याच ब्रंडेज यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या समितीचे अध्यक्ष असताना नाझी सलामीला आक्षेप घेतला नव्हता, आणि मेक्सिको सिटीतच स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दहा दिवस आधी त्लातेलोल्को चौकात निदर्शक विद्यार्थ्यांवर सैन्याने गोळीबार केला होता. त्यामुळे ‘राजकारण नको’ हा नियम नेमका कोणासाठी होता, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. दोघांची पदके काढून घेतल्याचे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही. गेली ती त्यांची कामाची संधी आणि घरची शांतता. मायदेशी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि पुढची काही वर्षे दोघांनीही मोठ्या ओढगस्तीत काढली.

नॉर्मन यांनीही किंमत मोजली. पात्रतेची वेळ वारंवार नोंदवूनही १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली नाही. ही शिक्षाच होती, असे त्यांचे समर्थक मानतात, तर ऑस्ट्रेलियाची ऑलिम्पिक समिती ते नाकारते. त्यांनी त्या शर्यतीत केलेला ऑस्ट्रेलियाचा विक्रम २०२४ च्या डिसेंबरपर्यंत अबाधित होता. २००६ मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत स्मिथ आणि कार्लोस यांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१२ मध्ये त्यांची माफी मागितली. स्मिथ आणि कार्लोस यांचा पुतळा सॅन होजे येथील त्यांच्या महाविद्यालयाने २००५ मध्ये उभारला आणि अमेरिकेच्या ऑलिम्पिक सन्मानपटात त्यांचे नाव २०१९ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी लागले.

स्त्री खेळाडूंना या आंदोलनाच्या आखणीत स्थानच नव्हते, ही त्यातली मोठी उणीव. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर शर्यत जिंकणाऱ्या वायोमिया टायस यांनी पुढे ती उघड बोलून दाखवली. तरीही रिलेतले आपले सुवर्णपदक त्यांनी स्मिथ आणि कार्लोस यांना अर्पण केले होते.

त्यानंतरची शिक्षा अधिक झटपट झाली. वायोमिंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील चौदा कृष्णवर्णीय खेळाडूंनी ऑक्टोबर १९६९ मध्ये दंडावर काळी फीत बांधण्याचा विचार प्रशिक्षकापुढे नुसता मांडला, तेवढ्यावरून त्यांना संघातून काढण्यात आले. विद्यापीठाने माफी मागितली ती २०१९ मध्ये. म्युनिक येथे १९७२ मध्ये व्हिन्सेंट मॅथ्यूज आणि वेन कॉलेट हे ४०० मीटर शर्यतीतील सुवर्ण आणि रौप्यपदक विजेते विजयमंचावर ताठ उभे राहिले नाहीत म्हणून त्यांना ऑलिम्पिकमधून कायमचे बाद केले गेले. पुढे व्यावसायिक खेळांत आणि जाहिरातींत प्रचंड पैसा आला आणि जवळजवळ दोन दशके मैदाने शांत राहिली. बास्केटबॉलपटू क्रेग हॉजेस यांनी १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटीच्या वेळी गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या प्रश्नांविषयी पत्र दिले. पुढच्या वर्षी संघाने त्यांना सोडले आणि त्या लीगमध्ये त्यांना पुन्हा खेळता आले नाही. राष्ट्रगीतासाठी उभे न राहिलेल्या महमूद अब्दुल-रौफ यांना १९९६ मध्ये याच लीगने निलंबित केले. अखेर उभे राहायचे पण मान खाली घालून प्रार्थना करायची, अशी तडजोड झाली.

पोलिसांच्या हातून आणि वंशद्वेषातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांची चित्रफीत हातोहाती फिरू लागली, तसे २०१२ नंतर हे मौन सुटले. मिनेसोटा लिंक्स या महिला बास्केटबॉल संघाने ९ जुलै २०१६ रोजी सरावाच्या वेळी निषेधाचे सदरे घातले, तेव्हा बंदोबस्तावरचे चार पोलीस काम सोडून निघून गेले. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारे खेळाडू) कॉलिन कॅपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिले. पहिल्या दोन सामन्यांत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. तिसऱ्या सामन्यातील, २६ ऑगस्टच्या, छायाचित्रामुळे गवगवा झाला. नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलल्यानंतर त्यांनी बसण्याऐवजी गुडघा टेकण्याचे ठरवले आणि १ सप्टेंबरला सॅन दिएगो येथे सहकारी एरिक रीड यांच्यासह तसे केले. सैनिकांचा मान राखावा म्हणून निवडलेली हीच मुद्रा पुढे सैनिकांचा अपमान म्हणून रंगवली गेली आणि चर्चा पोलिसी हिंसेवरून ध्वजाकडे वळली. सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना संघमालकांनी हाकलावे असे जाहीर सभेत म्हटले. त्या आठवड्याअखेरीस दोनशेहून अधिक खेळाडू गुडघ्यावर किंवा बाकावर बसले.

याबाबतची कायदेशीर स्थिती बरेचदा चुकीची सांगितली जाते. शाळकरी मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच दिला होता. परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे हे संरक्षण सरकारविरुद्ध आहे, खासगी मालकाविरुद्ध नाही. मार्च २०१७ मध्ये संघापासून मोकळे झालेल्या कॅपरनिक यांना एकाही संघाने घेतले नाही. मालकांनी संगनमत केल्याची त्यांची तक्रार फेब्रुवारी २०१९ मध्ये गोपनीय तडजोडीने मिटली. पण लीगच्या सामन्यात ते त्यानंतर कधीच खेळले नाहीत.

मिनिआपोलिस येथे २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाल्यावर अमेरिकन फुटबॉल लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचे आधी न ऐकल्याची चूक कबूल केली. त्या निवेदनात कॅपरनिक यांचे नाव नव्हते. २३ ऑगस्टला विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसाने पाठीमागून गोळ्या झाडल्या. केनोशापासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या मिलवॉकीचा बक्स हा बास्केटबॉल संघ तेव्हा साथीच्या निर्बंधांमुळे फ्लोरिडात खेळत होता. २६ ऑगस्टला सामन्याची वेळ झाली तरी खेळाडू बाहेर आले नाहीत आणि खोलीतूनच त्यांनी आपल्या राज्याच्या महाधिवक्त्यांशी दूरध्वनीवर बोलणे केले. वृत्तपत्रांनी याला बहिष्कार म्हटले; करारात संपाला बंदी असताना केलेला हा खरे तर संपच होता. लीगचे सामने तीन दिवस थांबले आणि महिला बास्केटबॉल, बेसबॉल, फुटबॉल (सॉकर) व टेनिस यांतही खेळाडूंनी साथ दिली. कोणावरही कारवाई झाली नाही. उलट अनेक क्रीडागारे मतदान केंद्रांसाठी खुली करण्याचे लीगला मान्य करावे लागले. १९६८ चे धावपटू हौशी होते, त्यांच्या हाती करार नव्हता आणि पाठीशी कामगार संघटनाही नव्हती. २०२० च्या बास्केटबॉलपटूंकडे दोन्ही होते आणि शिवाय त्यांच्याविना दाखवायला सामनाच उरत नव्हता. या दोन प्रसंगांच्या परिणामांतील तफावतीचे मोठे कारण येथे आहे.

अटलांटा ड्रीम या महिला बास्केटबॉल संघाच्या खेळाडूंनी त्याच महिन्यात आपल्या सहमालक आणि सिनेटर केली लॉफ्लर यांच्या विरोधातील उमेदवार राफेल वॉर्नॉक यांच्या नावाचे सदरे घातले. लॉफ्लर यांनी वंशभेदविरोधी आंदोलनाला जाहीर विरोध केला होता. जानेवारी २०२१ मध्ये वॉर्नॉक निवडून आले आणि पुढच्या महिन्यात संघाची विक्री झाली.

ऑलिम्पिकच्या सनदेतील नियम ५० राजकीय, धार्मिक आणि वांशिक प्रचाराला मनाई करतो. जुलै २०२१ मध्ये तो सैल करून स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मैदानावर मत व्यक्त करण्याची मुभा देण्यात आली. विजयमंच मात्र वगळला गेला. टोकियो येथे १ ऑगस्ट २०२१ रोजी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलेल्या रेव्हन साँडर्स यांनी पदक स्वीकारल्यावर विजयमंचावर डोक्यावर हात उंचावून फुलीचा आकार केला. सर्व पीडित माणसे जिथे भेटतात तो हा बिंदू, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. आंतरराष्ट्रीय समितीने चौकशी सुरू केली आणि साँडर्स यांच्या आईचे दोनच दिवसांत निधन झाल्यामुळे ती थांबवली. अमेरिकेच्या समितीने या वेळी आपल्या खेळाडूवर कारवाई केली नाही.